अक्काबाईची दोन वर्षं

चर्चच्या शाळेची पंचाहत्तरी २००३ साली होती. त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती आणि तिच्यातला इतिहास लिहायचं काम फादरांनी माझ्या गळ्यात घातलं. चौतीस वर्षं याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काम काय, असं त्यांना वाटलं असावं. मी आनंदाने घेतलं. भांडण लागलं ते मुख्याध्यापकांच्या यादीवरून.

ही यादी ऑफिसच्या भिंतीवर आहे. शाळा काढणारे मास्तर १९३१ साली तापाने गेले आणि नवे मास्तर १९३३ला नगरहून आले. मधल्या दोन वर्षांपुढे लिहिलंय, 'पद रिक्त'. पण सकाळच्या मराठी मिस्सेच्या प्रार्थनेला येणारी जुनी माणसं शपथेवर सांगतात, की ती दोन वर्षं चर्चची झाडलोट करणाऱ्या अक्काबाईने शाळा चालवली. मला ते नाव यादीत हवं होतं. स्मरणिका समितीचे अध्यक्ष ललितराव म्हणाले, "बाई, कागद दाखवा. ऐकीव गोष्टींचा इतिहास होत नाही." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कागद तर कागद.

फादरांनी जुनी दप्तरं काढून दिली. हजेरीपटात त्या दोन वर्षांतही तेवीस मुलांची रोजची हजेरी होती, कच्च्या, पोरकट अक्षरात. शिक्षकाच्या सहीची जागा कोरी. मग लग्नांच्या रजिस्टरात, १९३२च्या एका पानावर, साक्षीदार म्हणून अक्काबाईचं नाव सापडलं. ते तेव्हाच्या फादरांनी लिहिलेलं होतं. पुढे सही नव्हती. अंगठा होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिला शिक्षिका ठरवायला मी निघाले होते, तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. आणि मी चौतीस वर्षं आळशी पोरांना 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवत आले. क्षणभर वाटलं, रजिस्टर मिटावं आणि काही सापडलं नाही म्हणून सांगावं. मला आधी तिची लाज वाटली, मग स्वतःची. मी पानाचा नंबर टिपून घेतला.

त्या तेविसांपैकी एकट्या विठाबाई हयात होत्या. वय ऐंशीच्या घरात, राहायला देवळाली कॅम्पात मुलाकडे. मी बस धरून गेले आणि अंगठ्याचं सरळच विचारलं. त्या हसल्या. मास्तर गेले तेव्हा शाळा बंद करायचं ठरलंच होतं, त्या सांगू लागल्या. दुसऱ्या दिवशी अक्काबाई घरोघर फिरली, पोरांची तोंडं धुतली, त्यांना ओढत वर्गात आणलं आणि स्वतः पाटी घेऊन खाली बसली. मास्तरांनी तुम्हाला शिकवलंय ते आता मला शिकवा, म्हणाली. मोठी पोरं तिला शिकवायची, लहान पोरं ऐकून शिकायची. मधेच ती विचारायची, नक्की असंच का? की पोरं पुस्तक उघडून आपसात भांडायची.

"मग दोन वर्षांत तिला साधी सही आली नाही?" मी विचारलं.

"न यायला काय झालं? लय हुशार बाई व्हती," विठाबाई म्हणाल्या. "पण तिला येतंय म्हटल्यावर आम्ही कुणाला शिकवलं असतं?"

परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून सगळं येत असल्याचा तोरा मिरवला होता.

बैठकीत मी हजेरीपट आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि विठाबाईंचं सगळं सांगितलं. ललितरावांनी रजिस्टरातलं ते पान पाहिलं. मग म्हणाले, की कॉम्प्युटर लॅबच्या उद्घाटनाला स्मरणिका वाटायची, त्यात अंगठा बरा दिसत नाही. हवं तर मागच्या पानावर सेवकवर्गात नाव टाकू.

"मुख्याध्यापिका म्हणून टाका, तेही अंगठ्यासकट," मी म्हटलं. "नाहीतर मी लिहिलेल्या इतिहासाची छत्तीस पानं परत द्या."

ललितरावांनी फादरांकडे पाहिलं. फादर हजेरीपट चाळत होते. सुट्ट्या सोडल्या तर शाळेचा एकही दिवस खाडा नाही, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी पेन काढलं आणि स्मरणिकेसाठी उतरवलेल्या यादीतलं 'पद रिक्त' स्वतःच्या हाताने खोडलं.

स्मरणिकेत आता अकरा मुख्याध्यापक आहेत. दहा जणांचे फोटो आहेत आणि प्रत्येक फोटोखाली सही. अक्काबाईचा फोटो कुठेच मिळाला नाही. तिची नुसती सही छापली आहे.