चौथ्या भागातली पेज

पाळी गावातल्या घरात क्षमाने लॅपटॉप टेबलावर मांडला, तेव्हा वत्सला पदर सावरून समोर बसली. तिचा मुलगा निहार खाणीवर ट्रक चालवायचा. त्याच्या खुनावर मालिका तयार झाली होती. संकलन धारगळच्या क्षमाचे. निहारचे खरे नाव वापरायला आईची संमती हवी होती. आधी बघीन, मग सांगेन, असा वत्सलाचा निरोप होता.

सोबतीला तिचा भाऊ दत्ताराम आला होता. तुयेच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात त्याची हयात गेली होती. कुठलीही गोष्ट चालते कशी आणि अडते कुठे, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पहिला भाग त्याला पटला. ट्रक वजनकाट्यावर चढतानाची खडखड अस्सल होती. सुरुवातीची श्रेयनामावली संपायच्या आतच निहार मारला गेल्याने पुढचे सगळे धागे ताणलेले राहिले. तपास करणारी अधिकारीही उगाच आरडाओरड करीत नव्हती. चौथ्या भागात मात्र मालिका चिखलात रुतली. आईच्या आठवणीतला निहार पेज जेवतो, मिठात मुरलेले कोवळ्या कैरीचे तोर चोखतो, आईची थट्टा करतो. कथा तसूभर पुढे सरकत नाही.

"हा भाग पार ढेपाळलाय, बाय," दत्ताराम म्हणाला. "अर्धा छाटलास तरी चालेल."

"काका, चॅनेलवालेही तेच म्हणतात," क्षमा हसली.

वत्सला हसली नाही. "त्या खुनी माणसाचे ल्हानपण दोन भाग चलता, ते ढेपाळूंक ना? माझो पोर मात्र आयलो नि मेलो." तिने पडद्याकडे बोट केले. "ती पेज उचल नि पहिल्यात घाल. सकाळच्या धाची पेज जेवल्याबिगर निहार कधी ट्रकार चढूंक ना."

"मावशी, सुरुवातीलाच इतके रेंगाळलो तर लोक पुढे बघणार नाहीत."

"मग दुसऱ्या कोणाचे नाव घाल. उपाशी मेलो तो माझो निहार न्हय."

क्षमाने दत्तारामकडे पाहिले.

"घालून तर बघ," तो म्हणाला.

क्षमाने दृश्य हलवले. पडद्यावर निहारने वाडगा तोंडाला लावला, तळाची शिते बोटाने निपटली आणि मगच चावी उचलली. वजनकाटा यायला आता बराच वेळ लागत होता. पहिल्या भागाचा ताण पुरता सैल पडला होता. दत्तारामच्या ते ध्यानात आले.

"नाव रांव दी," म्हणत वत्सलाने निहारचे खरे नाव ठेवायला होकार दिला.

क्षमाने विचारले, "काका, तुम्हाला कसे वाटते?"

"चौथा भाग सुधारला," दत्ताराम एवढेच म्हणाला.