एक बोट सैल

"थांब, थांब, उठू नकोस! आता मी येतो!" बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

'मी' म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेत बाबांचं काम करणारा नट. माझा धाकटा भाऊ त्या विनोदी मालिकेचा लेखक. त्यात एका घरातला मुलगा दर आठवड्याला कुणा बड्या कलाकाराला आपल्या दिवाणखान्यात बोलावतो, मुलाखत घ्यायला. पण घरचे त्याला मुलाखत घेऊ देतील तर ना! वडील मध्येच टपकतात आणि पाहुण्याला विचारतात, "तुमच्या घराला ओल येते का हो?" आई पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय हलू देत नाही. आणि बिनलग्नाची एक आत्या आहे, ती पाहुण्याच्या बाहीचा सुटलेला दोरा ओढत बसते. पाहुणे खरे, घर खोटं.

ओलीचा प्रश्न आमच्या बाबांचाच. आपल्याला मालिकेत घातलंय हे कळल्यापासून ते पेपरवाल्यालासुद्धा थांबवून सांगत. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं "अजून एक घास" टीव्हीवर ऐकलं की माझे डोळे भरून येत. आणि आत्या? आम्हाला आत्याच नाही. मी भावाला फोनवर म्हणालेही, "ती आत्या कुठून रे सुचली तुला? हसून हसून पोट दुखतं माझं." तो म्हणाला, "सुचली अशीच, ताई."

आता बोला! मी दिवसभर दुकानात लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते, दोरा दिसला की माझा हात आपोआप जातो, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आपण स्वतः इतके हसण्याजोगे असू, असं कुणाला वाटतं?

त्या दिवशीचा पाहुणा कोट घालून आला होता. आत्या टेप घेऊन धावली. "एक बोट सैल करते हं!" पाहुणा म्हणाला, "अहो, मला बरोबर बसतोय." आत्या लाजली. म्हणाली, "त्यालाही बरोबरच बसायचा हो! तरी यायचा. आज सैल करा, पुढल्या महिन्यात घट्ट करा. तोच कोट! माप घेताना तो श्वास रोखायचा, म्हणून मीही रोखायचे. एक दिवस दोघंही गुदमरून मेलो असतो!"

प्रेक्षक खदाखदा हसले. बाबांना तर ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "कोटाचं हे काय नवीन काढलंस गं? हे मला नव्हतं सांगितलंस!"

"मी काढलं?"

"मग कोणी? आत्या म्हणजे तूच की! पहिल्यापासून तूच आहेस. तुला माहीत नव्हतं होय?"

आणि तो कोट तर खरा होता. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, मी त्यांना चष्मेवाले म्हणते, त्यांचा राखाडी कोट. बायको गेल्यावर काही काळाने बाही आखूड करायला घेऊन आले. मग तीच बाही लांब करायला. मग कमरेत सैल करायला. तिसऱ्या खेपेला मला समजलं, आणि मला समजलंय हे त्यांनाही समजलं. बोललं कुणीच नाही. बोलायची घाईही नव्हती. मला उन्हाळ्यातसुद्धा त्या कोटाची वाट बघायची सवय लागली होती. या वयात, हो!

हे मी फक्त भावाला सांगितलं होतं. गुदमरून मेलो असतो, हे वाक्यही माझंच. लाज वाटत होती म्हणून हसत सांगितलं. पण एकाला सांगितलं होतं, अख्ख्या जगाला नाही. आणि चष्मेवाले ती मालिका न चुकता बघत. कोण लिहितं, तेही त्यांना ठाऊक होतं. मला म्हणायचे, "भावाला सांगा, आत्याला जास्त बोलू द्या."

कोट तेव्हा माझ्याकडेच होता. कमरेत उसवलेला. मी रोज काचेतून समोर बघत होते. ते दुकान उघडत, बंद करत, पण इकडे मान वळवत नव्हते. शेवटी मी तो मूळच्या मापाला शिवला, इस्त्री केली आणि स्वतःच रस्ता ओलांडला.

ते काच पुसत होते. "ठेवा तिथे," म्हणाले.

"ते टीव्हीवरचं... मी भावाला..."

"सुनेनं ओळखलं. सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, हा तर तुमचा कोट." त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसली. "एक विचारू? तुम्हाला तेव्हाही हसूच यायचं का?"

"नाही हो! देवाशपथ नाही."

"बरं."

मग त्यांनी कोट अंगात घातला. बटणं लावली, हात वर-खाली करून पाहिले, जसं कुठलंही गिऱ्हाईक पाहतं. "छान बसतोय. आता यात काही करायला नको," म्हणाले. मी मान हलवली आणि परत आले. शिलाई मी घेतली नाही, त्यांनीही विचारली नाही.

भाऊ घरी आला तेव्हा बाबांनी दारातच त्याची पाठ थोपटली. मी मात्र भडकलेली होते. स्वयंपाकघरात गाठून त्याला सरळ विचारलं, "का रे केलंस असं? मी बाजारात विकायला सांगितलं होतं का तुला?"

"ताई, नाव कुठे घेतलंय तुझं? उलट तो भाग सगळ्यांत गाजला. लोकांचं किती प्रेम आहे आत्यावर, माहितीये?"

"लोकांचं मागितलं नव्हतं रे मी."

चेहरा खरंच उतरला त्याचा. वाईट नाही तो, लहानपणी माझ्याच पदराला धरून चालायचा. जवळ येऊन त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, "चुकलं माझं. खरंच चुकलं." मला रडू फुटणार होतं. आणि मग हलकेच त्यानं विचारलं, "पण ताई... पुढे काय झालं? आले का ते परत?"

मी त्याच्याकडे बघितलं. हे माझा भाऊ विचारतोय की लेखक, मला कळेना. आजवर मी त्याला काय नाही सांगितलं? घरातली धुसफूस, आईचं शेवटचं दुखणं, सगळं आधी त्याला.

मी हात सोडवून घेतला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"पुढे काही नाही," म्हटलं. "कोट बरोबर बसला. घेऊन गेले."

"बस? एवढंच?"

"एवढंच. साखर किती घालू तुला?"

लहानपणापासून तो किती साखर घेतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, आणि तो सांगेपर्यंत चमचा हातात धरून उभी राहिले.