तिसरा रॉड

करंजीचा घाट अर्धा चढून झाला आणि इंजिनातून ठोका ऐकू आला. कृपादानने पाय हलका केला, ठोका दबला. पाय दिला की पुन्हा सुरू. ऐरणीवर गार लोखंड बडवावं तसा जड, एका लयीतला.

मागे औषधांच्या पेट्या धरून बसलेल्या डॉक्टर रेबेकाबाई पुढे वाकल्या. "काय झालं हो, कृपादानभाऊ?"

"बघतो, बाई. घाबरू नका."

युद्धातलं पेट्रोल फार वाईट येई, त्यानेही इंजिन वाजायचं. म्हणून त्याने ठिणगी उशिरा पडावी अशी स्टिअरिंगवरची दांडी मागे घेतली. फरक पडला नाही. मग रांगत रांगत त्याने गाडी तिसगावला नेली आणि तशीच संध्याकाळी नगरला परत आणली. वाटभर बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. तिसगावच्या लंकाबाईला सातवा महिना होता आणि तिचे पाय सुजले होते. "पुढच्या मंगळवारी मला तिथं पोचलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "गाडी कोण दुरुस्त करील?"

गावातले चांगले मिस्त्री लष्कराने कधीच उचलले होते. आणि या गाडीचा मिस्त्री तर कृपादानच्याच घरातला होता. शमुवेल, त्याचा एकुलता एक मुलगा.

कृपादान तीस वर्षं गाड्या चालवत आला होता, पण बॉनेट उघडायचं काम शमुवेलचं. गाडी फाटकातून आत येतानाच पोरगा अंगणातून ओरडायचा, "बाबा, फॅनचा पट्टा ढिला झालाय!" आणि तो ढिलाच निघायचा. एकेचाळीस साली तो फौजेच्या वर्कशॉपात भरती झाला आणि सिंगापूरला गेला. सिंगापूर पडलं, त्यानंतर सहा महिन्यांनी एक सरकारी कागद आला, की तो जपान्यांच्या कैदेत आहे. त्यालाही आता सव्वा वर्ष होत आलं होतं. नंतर ओळभर मजकूर नाही. अजूनही गाडी फाटकातून आत घेताना कृपादानचा कान अंगणाकडे लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दवाखान्यामागच्या लिंबाखाली गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. शमुवेल कसं करायचा ते त्याने शंभरदा पाहिलं होतं. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, तो टेकवून एका वेळी एकाच प्लगची ठिणगी मारायची, म्हणजे बंद पाडायची, आणि ठोका कुठे दबतो ते ऐकायचं. पहिला प्लग मारला, इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसऱ्याला टेकवला आणि ठोका एकदम मऊ पडला. त्याने पुन्हा करून पाहिलं. तिसराच.

"तिसऱ्या रॉडचं बेरिंग झिजलंय," तो मोठ्याने म्हणाला, आणि ऐकायला आपण एकटेच आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

गाडी ओंडक्यांवर चढवून त्याने तेल बादलीत काढलं. नवं तेल मिळत नव्हतं, तेच गाळून परत घालायचं होतं. मग इंजिनाखालचं तेलाचं तबक सोडून तो उताणा आत शिरला. पिस्टनच्या चारी रॉडच्या खालच्या टोप्यांवर छिन्नीच्या बारीक खुणा होत्या. एक रेघ, दोन, तीन, चार. कुठली टोपी कुठे बसते ते चुकू नये म्हणून शमुवेलने त्या मारून ठेवल्या होत्या. कृपादानला हे ठाऊकच नव्हतं. तीन रेघांवर अंगठा ठेवून तो बराच वेळ पडून राहिला.

रॉड वरखाली हलवला तर हाताला खटखट लागली. नट सोडून टोपी काढली. जोडाच्या दोन्ही अंगांना पितळी पत्र्याच्या दोन-दोन पातळ पट्ट्या होत्या. हा पत्रा कापायला शमुवेलने आईची शिवणकामाची कातर नेली होती, तिची धार गेली आणि मरिया दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. बेरिंग झिजलं की दोन्हीकडची एकेक पट्टी काढायची, टोपी तेवढी वर सरकते, ढिलाई जाते. उपाय सोपा होता. पण पट्ट्या पोराने आपल्या हाताने बसवलेल्या होत्या, आणि त्या काढायला कृपादानचा हात होईना.

"कृपादानभाऊ, काही अडलंय का?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"न्हाई, बाई. काढतोच."

दोन्हीकडची एकेक पट्टी त्याने नखाने सोडवली, पुसली आणि शर्टाच्या खिशात घातली. टोपी आवळली. फार आवळली तर बेरिंग जळतं. "ढकलला तर सरकला पाहिजे, सोडला तर पडता कामा नये," शमुवेल सांगायचा. कृपादानने रॉड ढकलला. सरकला आणि थांबला.

दुपारी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, आणि ठोका नव्हता. त्याने पाय दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. नुसता एकसारखा घरघराट. बाईंनी टाळी वाजवली. कृपादान हसला खरा, पण त्याचे डोळे भरून आले. ज्याला सांगायचं तो कुठल्या मुलखात, कुठल्या तारेच्या कुंपणात होता कोण जाणे.

मंगळवारी गाडी करंजीचा घाट न कुरकुरता चढली. लंकाबाईला मागच्या सीटवर निजवून त्यांनी नगरला आणलं. तीन आठवड्यांनी ती बाळंत झाली, अपुऱ्या दिवसांची मुलगी, पण दोघी वाचल्या.

त्याच सुमारास बाईंनी चौकशी करून आणली, की कैद्यांना आता कार्ड पाठवता येतं, मात्र इंग्रजीत, पंचवीस शब्दांच्या आत. त्या कार्ड घेऊन कृपादानच्या घरी आल्या. मरिया चुलीपुढून उठून आली.

"लिवा बाई, आई वाट बघती. जेवतोस का इचारा. ताप येतो का इचारा."

"एवढं बसणार नाही, मरियाबाई."

"मग तुमीच सांगा की," मरिया नवऱ्याला म्हणाली.

कृपादानने थोडा विचार केला. "लिवा. गाडी ठोकत हुती. तिसरा रॉड. तुझी एकेक पट्टी काढली. आता बरी चालती. आई खुशाल हाय."

"अजून चार शब्द बसतील," बाईंनी मोजून सांगितलं.

कृपादान मरियाकडे बघत राहिला. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लवकर घरी ये, म्हनावं."

बाईंनी लिहिलं. कृपादान कार्ड घेऊन पायीच पोस्टात गेला. पेटीत टाकण्याआधी त्याने त्याच्यावरचा पत्ता पुन्हा एकदा पाहिला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यातलं मुलाचं नाव कुठलं ते बाईंनी बोट ठेवून दाखवलं होतं.