घरातून एकच माणूस

पाहणीवाली मुलगी दारात आली, तेव्हा चावीवाला वर्तमानपत्र वाचून, त्यातल्या यच्चयावत माणसांना मूर्ख ठरवून नुकताच मोकळा झाला होता. नोकरी सुटून सात वर्षं झाली, तरी आळी त्याला चावीवालाच म्हणायची. एकोणतीस वर्षं त्याने पाणीखात्यात काढली. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा. दोन तास या आळीला पाणी, दोन तास त्या आळीला. चावी खात्यात जमा झाली. पण जगात काय किती सोडायचं आणि कुठे आवळायचं हे आपल्यालाच कळतं, हा विश्वास काही त्याने जमा केला नाही.

"तुमची मतं विचारायचीत," मुलगी म्हणाली. खांद्याला पिशवी, हातात टॅब, चपलांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. "समाजाबद्दल, आणि सरकारच्या पैशाबद्दल. वीस मिनिटं."

"बस. बरोबर घरी आलीस."

तिने टेबलावर दोन कार्डं मांडली. दोन्हींवर एकेक रेघ, शून्यापासून दहापर्यंत. पहिल्या रेघेच्या एका टोकाला 'जुनी रीत सांभाळावी', दुसऱ्या टोकाला 'ज्याने त्याने मनासारखं जगावं'. दुसऱ्या कार्डावर इकडे 'कर कमी, ज्याचं त्याने बघावं', तिकडे 'कर जास्त, सरकारने सगळ्यांचं बघावं'.

चावीवाल्याने चष्मा कपाळावर सारला. "पहिल्यावर दोन फेरे. जास्त उघडलं की पाइप फुटतो. दुसऱ्यावर तीन. पाणी सगळ्यांना, पण बादली ज्याची त्याने आणावी. लिही, आमच्या घराचं मत."

"काका, घराचं नाही चालत. माणसाचं लागतं. आणि घरातून एकच माणूस, ज्याचा वाढदिवस आधी येतो तो."

वाढदिवस आधी येत होता बायकोचा. अकरा दिवसांवर.

"मग तिचं मी सांगतो. चाळीस वर्षं सांगतोय, अजून तक्रार आलेली नाही."

"बाकीच्यांनी खोलीत थांबायचं नाही, असा नियम आहे."

बायको हात पुसत बाहेर आली. "जा हो जरा जिन्यात," ती म्हणाली. "वीस मिनिटं माझ्या अकलेवर घर चालेल."

तो हसत हसत जिन्यात जाऊन बसला. दार फुगलेलं, ओढून घेतलं तरी बोटभर फट राहायची. ऐकायचं असं त्याच्या मनात नव्हतं. पण कानाला खोड होती. नोकरीत असताना तो गळती शोधायचा. लोखंडी गजाचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला. चार फूट खाली पाइप पाझरत असला तरी त्याला कळायचं. साहेब म्हणायचे, याचा कान ही सरकारी मालमत्ता आहे.

"पहिल्या कार्डावर कुठे, काकू?"

"नऊ."

जिन्यात तो गालात हसला. बाईने रेघ उलटीकडून धरली असणार.

"मुलांनी मनासारखं लग्न केलं, तर आईवडिलांनी नातं ठेवावं का?"

"ठेवावं."

"पूर्ण सहमत, की थोड्या?"

"पूर्ण. त्याच्याही वर काही असेल तुमच्यात, तर ते लिहा."

चावीवाल्याचं हसू ओठावरच वाळलं. सहा वर्षांपूर्वी लेकीने मनासारखं लग्न केलं, तेव्हा तो म्हणाला होता, मी जिवंत असेपर्यंत या घरात तिचं नाव निघायचं नाही. बायको तेव्हा भांडी लावत होती. "बरं," एवढंच म्हणाली होती. त्या एका 'बरं'वर त्याने सहा वर्षं काढली होती. ते तिचं मत आहे असं समजून.

"आणि दुसऱ्या कार्डावर?"

"दहा."

"दहा म्हणजे कर जास्त. चालेल तुम्हाला?"

"घ्या म्हणावं. यांच्या पेन्शनीतून घ्या. पण सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांची काचेची पेटी एकापेक्षा जास्त ठेवा. आमच्या नातीच्या वेळी एकच होती. तिच्यात आधीच दुसरीचं बाळ होतं. ते जगलं, देव त्याला शंभर वर्षं देवो. आमची तीन दिवसांची होऊन गेली."

टॅबवरची टकटक थांबली.

"हे मी... कुठे लिहू, काकू?"

"लिहू नको, बाळा. तू दहा लिही."

मागच्या वर्षी बायको चार दिवस बहिणीकडे म्हणून गेली होती. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. सर्दी झालीय म्हणाली. त्याने चौकातून गोळ्या आणून दिल्या होत्या, आणि पाण्याचा पेला स्वतः भरून दिला होता. तिने गोळ्या घेतल्याही होत्या. चार फूट खालचं पाझरणं ऐकणारा माणूस, त्याच पलंगावर वीतभर अंतरावर झोपत होता.

मुलगी बाहेर आली, त्याच्याकडे न बघता "झालं, काका" म्हणाली आणि शेजारच्या दारावर टकटक करू लागली.

तो आत गेला. बायको नळाखाली पेले धूत होती. तो पाठीमागे उभा राहिला.

"नाव काय होतं तिचं?"

पेला धुऊन झाला होता. ती तो धुतच राहिली.

"ठेवलं नव्हतं. लेक म्हणत होती, बाबांना विचारू. नातीला तरी नाही म्हणणार नाहीत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तिचं नाव निघायचं नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

त्याने तिचा फोन उचलून तिच्यापुढे धरला. "फोन लाव."

"तिला नको असेल बोलायला, तर?"

"लाव तू."

तिने लावला, आणि त्याच्या हातात दिला.

"हं, आई, बोल," लेक म्हणाली.

सहा वर्षं. आवाज थोडा जाड झाला होता. त्याने तोंड उघडलं. त्याने फोन कानावर घट्ट दाबला, गज दाबायचा तसा, आणि ऐकत राहिला. तिकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकली.

"आई? ऐकू येतंय ना?"

मग पलीकडचा श्वास अडल्यासारखा झाला.

"...बाबा?"

"हं," तो म्हणाला.

लेकीने फोन ठेवला नाही. बायकोने हात लांब करून नळ बंद केला, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं.