मला नासकी म्हणू नका

मी टाकी बोलतेय. हो, तीच, रस्त्याकडेच्या बीअरच्या कारखान्याबाहेर आडवी पडलेली. येता-जाता गाड्या थांबवून तुम्ही जिच्यावर बसून फोटो काढता ना, तीच मी. आधी खाली उतरा, मग सांगते.

माझी पहिली बारा वर्षं डेअरीत गेली. तिथे दूध तपासायला एक मुलगी होती. यंत्राच्या आधी तिचं नाक सांगायचं, कुठल्या कॅनमधलं दूध नासायला लागलंय ते. डेअरी बंद पडली आणि मी भंगारात निघाले, तेव्हा तिनेच मला सोडवून आणलं. मग ती बीअर करायला शिकली. घरचे हसले, "दुधातून एकदम बीअर?" ती म्हणाली, "दोन्हीकडे एकच लागतं, स्वच्छता."

आणि काय स्वच्छता ती! कोपरापर्यंत हात धुऊन मला आतून घासायची. जवाचं पाणी उकळून, गार करून माझ्यात ओतायची, झाकण घट्ट आवळायची आणि पंधरा दिवस कुणालाही हात लावू द्यायची नाही. तळाशी उरलेला यीस्टचा गाळ पुढच्या खेपेला वापरायची, दह्याला कालचं विरजण लावतात तसा. एकच विरजण तिने सहा वर्षं सांभाळलं. लोक म्हणायचे, पोरीच्या हाताला चव आहे.

तिचा मोठा भाऊ, दादा, आलेल्या पाहुण्यांना कारखाना दाखवायचा. करायचं काही नाही, पण बोलायला पुढे. कुणी "वा!" म्हटलं की स्वारी हरभऱ्याच्या झाडावर.

त्या दिवशी ती बाटल्या आणायला गेली होती. दुपारी गाडीतून चौघे उतरले. तीन दिवस रस्त्यावर होते, अंगावर धूळ, हात चिप्सच्या तेलाने माखलेले.

"काका, ग्लासातली सगळीकडे मिळते हो. थेट टाकीतली पाजा ना! एवढ्या लांबून आलोय!"

"छे, बहीण जीव घेईल माझा."

"म्हणजे इथे तुमचं काही चालत नाही तर!"

बस, एवढं पुरलं. दादाने झाकण उघडलं! चौघांतल्या एकाने ग्लास धरून मनगटापर्यंत हात माझ्यात बुडवला. मला ओरडता आलं असतं तर छप्पर उडालं असतं. सगळ्यांनी तो एकच ग्लास फिरवला, "आहाहा" केलं, फोटो काढले आणि निघून गेले. दादाने झाकण लावलं, शर्टाच्या बाहीने पुसलं.

चव बिघडल्याचं कळायच्या आत तिने तळातला गाळ पुढच्या खेपेला घातला होता. तीही खेप आंबट झाली. सहा वर्षांचं विरजण मोरीत ओतताना ती रडत होती.

"दादा, मी नसताना झाकणाला कुणी हात नव्हता ना लावला?"

"कोण लावणार? मी इथेच होतो की." डोळ्याला डोळा न देता वर म्हणतो कसा, "टाकीच जुनी झाली गं. सांधा गेला असेल."

चोर तो चोर, वर शिरजोर! माझा सांधा? बारा वर्षं दूध आणि सहा वर्षं बीअर, एक थेंब कधी वाया घालवला नव्हता मी!

पण ती काय म्हणाली, ऐका. "टाकीला नावं ठेवू नकोस. माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी पत्रा आहे, सोसलं असतं. तिने तो स्वतःवर घेतला. तेव्हापासून तिने बीअर केलेली नाही. आता मोठ्या कंपनीची आणून विकतात. दादाने मला ओढून बाहेर आणलं, बसायला फळी ठोकली आणि पाहुण्यांना सांगत सुटला, "ही नासकी टाकी. हिने आमचं वाटोळं केलं." लोक हसतात. तोही हसतो. लाज कशी वाटत नाही मेल्याला!

एक तारखेपासून ती शहरात, एका गोदामात खोके मोजायच्या कामाला जाणार आहे. परवाच दादाला म्हणाली, "मला हे जमणारं नव्हतंच." त्याने चहाचा घोट घेतला.

म्हणून म्हणते, एक तारखेच्या आत या रस्त्याने जाणार असाल, तर थांबा. ती काउंटरवर असेल तेव्हाच आत जा आणि दादाला खणखणीत आवाजात विचारा, "त्या दुपारी झाकण कुणी उघडलं होतं?" तो त-त-प-प करेल. तिला तेवढं पुरे. ती चिडेल, भांडेल, त्याला घराबाहेर काढेल कदाचित. काढू दे!

कारण रोज संध्याकाळी ग्लास विसळून झाले की ती नळाखाली हात धुते, नाकाशी नेते, पुन्हा धुते. तिला वाटतं, घाण तिथेच आहे.