आभाराची बारा वाक्यं

वच्छलाबाईने लेकीला लहानपणीच बजावलं होतं, "हाक मारनारं दिसत नसन तं ओ देऊ नको. माणूस असन तं तीन डाव हाक मारन. थे दुसरं तीनदा मारत नाई."

रागिणी हे ऐकत मोठी झाली, बी.कॉम. झाली आणि दर्यापूरच्या क्लासला इंग्रजी बोलायला शिकू लागली. अमरावतीच्या एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी होती, शनिवारी दुपारी फोनवरच मुलाखत. बाप गेल्यापासून घरात दोघीच. नोकरी लागली की वावर मक्त्याने द्यायचं आणि आईला शहरात न्यायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

कोणी उपयोगी माहिती दिली तर आभार कसे मानायचे, याची बारा वाक्यं सरांनी लिहून दिली होती. ती तिने आरशाला चिकटवली. पण वऱ्हाडात घरच्या माणसाचे आभार मानले तर ते रुसून बसतं, त्यामुळे सरावाला माणूसच मिळेना.

बुधवारी भर दुपारी दारातून बाईचा आवाज आला, "रागिणी, दूध उतू चाललं वं."

ती धावली. दूध काठाला आलंच होतं. गॅस बंद करता करता तोंडातून निघून गेलं, "थँक यू फॉर... लेटिंग मी नो." मग तिने दारात पाहिलं. ओसरी रिकामी, गल्ली रिकामी. आईचं बजावणं आठवलं. पण आपण ओ कुठे दिली, इंग्रजीतले आभार थोडेच धरतात, अशी तिने मनाची समजूत घातली.

गुरुवारी त्याच वेळी, "रागिणी, दर्यापूरची जीप आज येत नाई." जीप खरंच आली नाही. "दॅट वॉज व्हेरी हेल्पफुल," रागिणी दाराकडे बघून म्हणाली. खरं सांगायचं तर तिला आता मजाच वाटत होती. सरावाला फुकटात कोणीतरी सापडलं होतं.

शनिवारी मुलाखतीच्या वेळी घरात आवाज नको म्हणून वच्छलाबाई सकाळीच वावरात गेली. रागिणी फोन समोर ठेवून बसली.

"रागिणी, माय कुठी गेली वं?" दारातून विचारणा झाली.

"वावरात, विहिरीवर," रागिणी ओळखीच्या माणसाला सांगावं तसं बोलून गेली.

मग दारातून रागिणीचाच आवाज आला, तिच्यासारखाच नको तिथे अडखळत. "थँक यू फॉर... लेटिंग मी नो."

तेवढ्यात कंपनीचा फोन वाजला. तो तसाच वाजत टाकून ती अनवाणी पळत सुटली.

वावर गावाला लागूनच होतं. तूर डोक्याच्या वर गेलेली. फटीतून तिला विहिरीच्या काठावर उभी असलेली आई दिसली.

"माय," ती जिवाच्या आकांताने ओरडली.

वच्छलाबाईने वळून पाहिलं. समोर नुसती तूर. तिने ओ दिली नाही.

"माय, माघारी सर," रागिणी पुन्हा ओरडली.

वच्छलाबाईचे ओठ हलले, हाका मोजत असावी. रागिणीला धाप लागली होती, ढेकळात पाय अडकून ती पडली आणि तिसरी हाक छातीतच राहिली.

तिसरी हाक विहिरीतून आली, रागिणीच्याच आवाजात.

"ओ, आली वं पोरी," वच्छलाबाई म्हणाली, आणि काठावरून खाली वाकली.