पहिला आकडा

रक्तपेढीचं पाकीट आलं तेव्हा अक्षता कपडे वाळत घालत होती. आत एकच ओळ होती: रक्ततपासणीसंदर्भात आठ दिवसांच्या आत समक्ष भेटावे. 'समक्ष'खाली कुणीतरी निळ्या शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

महिन्यापूर्वी तात्यांचा, तिच्या वडिलांचा, पहिला स्मृतिदिन झाला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाच जोडून विहारात रक्तदान शिबिर ठेवलं होतं. शेवटच्या चार महिन्यांत तात्यांना वीस बाटल्या रक्त चढलं होतं. तेवढं तरी फेडायचं असं बहीणभावांनी ठरवलं होतं. एकतीस जणांनी रक्त दिलं. अक्षतानं आयुष्यात पहिल्यांदा दिलं. धाकटा भाऊ प्रसेनजीत त्या दिवशी पंगतीतच अडकला होता, त्याचं रक्त द्यायचं राहूनच गेलं.

"रक्तात पाणी सापडलं असंल," कागलच्या एमआयडीसीत ड्युटीला निघालेला प्रसेनजीत बूट घालता घालता म्हणाला. "न्हायतर पुस्तकं वाचून वाचून शाई झाली असंल त्याची."

"तुला चेष्टाच सुचणार," चिमणाबाई आत्या आतून ओरडली. "बाईमाणसानं रगात देऊ ने, मी म्हटलंच हुतं. ऐकतंय कोण?"

अक्षता हसली आणि पाकीट पर्समध्ये घालून रक्तपेढीत गेली.

तिथल्या समुपदेशक दानेश्वरीबाईंनी दार लावून घेतलं.

"घाबरू नका हं. पहिल्या चाचणीत एचआयव्हीचं संशयास्पद आलंय. संशयास्पद म्हणजे आहेच असं नव्हे. आज पुन्हा रक्त घेऊ, दुसऱ्या दोन पद्धतींनी तपासू. आठ दिवसांनी या. लग्न?"

"नाही."

"कधी रक्त चढवून घेतलंय? कुणाला वापरलेली सुई टोचली वगैरे?"

"नाही," अक्षता म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच ऐकू आलं.

ती ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची तिथं दुपारी गर्दी नसे. तिनं एक कोरा कागद घेतला. तात्या, म्हणजे अण्णासो कांबळे सर, पेठ वडगावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. सकाळी पेपर वाचताना हातात पेन्सिल असायची. 'घाटात अपघात वाढले', 'अमुक औषधानं शंभर जण बरे', अशा प्रत्येक बातमीच्या कडेला ते लिहायचे: किती पैकी? बातमी अर्धीच सांगते, उरलेली आपण विचारायची, असं ते म्हणायचे.

तिनंही तेच विचारलं: किती पैकी? दहा हजार रक्तदाते धरू. त्यांत खरोखर लागण असलेले तीस धरू. चाचणी तिसांच्या तिसांना पकडेल. उरले नऊ हजार नऊशे सत्तर निरोगी. चाचणी शंभरात एकाला उगाच धरत असेल, तर त्यांतले शंभर जण फुकट सापडतील. म्हणजे एकशेतीस पाकिटं जातील आणि त्यांत खरी तीसच. चारातलं एकसुद्धा नाही. तिचा श्वास जरा मोकळा झाला.

मग तिची नजर अंगठ्यावर गेली.

तात्यांच्या शेवटच्या महिन्यात नर्स घरी येऊन सलाइन लावून जायची आणि संपल्यावर सुई अक्षता काढायची. एका संध्याकाळी ती सुई तिच्या अंगठ्यात चांगली रुतली होती. तिनं नळाखाली हात धरला, कापूस दाबला. तात्या तापानं कण्हत होते. अंगठ्याचं कौतुक कुणाला? तो ताप का उतरत नाही, हे शेवटपर्यंत कुठल्याच डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही.

म्हणजे ती त्या दहा हजारांतली नव्हतीच. तिचं गणित वेगळं होतं. बाधित माणसाची सुई तीनशे जणांना टोचली तर एकाला लागण होते, असं तिनं एका मासिकात वाचलं होतं. पण त्याआधी दुसरा एक आकडा लिहायचा होता. वीस बाटल्यांतली एखादी, तपासणीतून निसटलेली, तात्यांच्या अंगात गेली असण्याची शक्यता. ती लिहिली की पुढं नुसता गुणाकार. उत्तर फार लहान येणार, हेही तिला कळत होतं.

पेन्सिल टेकली, आणि उचलली गेली. तात्यांच्या नावापुढं तो आजार लिहायचा, शक्यता म्हणून का होईना, हे तिला जमेना. गल्लीत कुणाला वास लागला तर 'सर त्यानंच गेले' म्हणायला किती वेळ लागतो? हार घातलेला फोटो भिंतीवर तसाच राहील, पण लोक त्याच्याकडं वेगळं बघतील. तिनं कागद घडी करून फाडला.

अशानं लागण होत नाही हे ठाऊक असूनही पुढचे आठ दिवस ती घरात स्वतःचा पेला वेगळा ठेवत होती. आत्यानं तिच्या ताटातली भाकरी उचलली की ती ताट मागं ओढायची. प्रसेनजीतची दोन वर्षांची लेक मांडीवर येऊन बसली, तर ती काहीतरी निमित्त काढून उठायची.

नवव्या दिवशी प्रसेनजीत सुट्टी काढून तिला मोटारसायकलवरून रक्तपेढीत घेऊन आला. काय तपासणी आहे हे तिनं वाटेत सांगितलं. त्यानं गाडी आणखी जोरात पळवली.

"दोन्ही निगेटिव्ह," दानेश्वरीबाई म्हणाल्या. "सुटलात. विसरून जावा आता."

बाहेर प्रसेनजीतनं दोन चहा सांगितले. "जीव घेतलास की माझा, आक्का! चल, आता झणझणीत मिसळ." त्याचे डोळे ओले होते.

अक्षताला मात्र सुटल्यासारखं वाटेना. तिचा रिपोर्ट तिच्यापुरता होता. तात्या बाधित असते, तरी तीनशेतल्या दोनशे नव्याण्णव वेळा तो असाच कोरा आला असता. तात्यांबद्दल त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. आणि आता हे एकटीनं धरून ठेवणं तिला होईना. तिनं त्याला सुईचं सांगितलं.

"आणि हे वरीसभर पोटात ठेवलंस व्हय?" तो आधी चिडला. मग त्याचा कप अर्ध्यावर थांबला.

"तात्यांची दाढी मी करत हुतो की," तो हळू म्हणाला. "थरथरायचे. एकदोनदा कापलंबी. आणि त्याच पात्यानं मी माझी करून कामाला पळायचो. घाई असायची."

चहावाल्यानं उगाच दोनदा फडकं मारलं.

"लेकीला, हिला, काय...?" त्याला बायकोचं नावही घेता येईना.

आता आकडा सांगणं भाग होतं. तोच एक धीर तिच्याजवळ होता.

"हे बघ," ती म्हणाली. "तात्यांना लागण झाली असण्याची शक्यता शंभरात एक. तीही मी जास्तच धरली. त्यापुढं पात्यातून तुला, म्हणजे आणखी कितीतरी पटीनं कमी."

कागदावर जो आकडा लिहवला नव्हता, तो तोंडातून गेला.

"शंभरात एक," प्रसेनजीत म्हणाला. "आणि तो एक आपलं तात्याच असलं तर?"

तिनं चहाचे पैसे दिले, त्याच्या कोपराला धरलं आणि त्याचं रक्त तपासून घ्यायला दोघं पुन्हा रक्तपेढीच्या पायऱ्या चढायला लागले. दानेश्वरीबाई सुईचं विचारतील. या वेळी 'हो' म्हणायचं होतं, आणि कुणाची, तेही सांगायचं होतं.